दरफालनी

खांडेनवमीच्या दुपारी चेंदणीत गेलो.
वैतीच्या ओटीवर पाट मांडलेला,
पाटावर पक्कड, टेस्टर, दोन पेचकस,
सगळ्यांना हळदकुंकू
आणि झेंडूचं एकेक फूल.

आमचा उपास सूर्य मावळायच्या आत लागतो.
हातात दोन तास होते
आणि एकतीस वर्षं जुनं एक वाक्य,
खारकर आळीपासून पुटपुटत आणलेलं.

देवाचं देणं देव या दिवशी सोडून देतो म्हणतात.
माणसाचं नाही सोडत.
त्यासाठी त्या माणसाची पायरी चढावी लागते,
गुडघे दुखत असले तरी.

आमची जुनी माणसं या सणाला दरफालनी म्हणत.
दार लावून घ्यायचा दिवस.
दिघोड्याला घाणा बंद, बैल सोडलेले,
पांढऱ्या कपड्यांत सगळं घर आत
आणि आतून कडी.
हाक आली तरी ओ द्यायची नाही.
गाव समजून घ्यायचं.
शनवारतेल्यांचं आज देवाशी काहीतरी चाललंय.

त्या वर्षीही कडी लावली होती.
मी, आई, खोकणारे बाबा.
साडेअकराला दार वाजलं.
"हानोख, मी पद्माकर."
कंपनीतली तांब्याची तार त्याच्या नावावर टाकली होती.
कोणत्या रविवारी, कोणाच्या जीपमधून ती गेली
ते माझ्या रजिस्टरात होतं,
माझ्याच अक्षरात.
"उद्या चौकशी आहे. एवढंच सांग, जे लिहिलंयस ते."

दाराखालच्या फटीत त्याच्या चपलांची सावली.
आईनं ओठांवर बोट ठेवलं, तिला ठाऊक नव्हतं.
मला ठाऊक होतं.
हातात प्रार्थनेचं पुस्तक उघडं,
छातीवर मूठ मारायची ती ओळ समोर,
आणि मी मनात म्हटलं, बरं झालं,
आज दार उघडता येत नाही.

सावली बराच वेळ होती.
मग फट नुसती फट राहिली.

हे सगळं त्याला सांगायचं होतं.
सांगितलंही, पण उलटसुलट,
जीप आधी, चपला नंतर.
तो टेस्टरवरचं कुंकू बोटानं सारखं करत होता.
"तू आत होतास ते कळलं होतं," म्हणाला,
"तुझ्या बापाचा खोकला ओळखायचो मी.
सण आहे हेही ठाऊक होतं.
म्हणून तर त्याच दिवशी आलो.
वाटलं, आज हा खोटं बोलणार नाही."

मी खाली बघितलं.
सुनेनं चहा आणला, आल्याचा.
"घे," तो म्हणाला, "निवतोय."
माफ केलं म्हणाला नाही.
नाही केलं, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये
कॅनव्हासचे बूट, पांढरा सदरा, कोरडी जीभ.
दुपारी कोणीतरी सब्ज्याची डहाळी फिरवली,
सगळ्यांनी डोळे मिटून वास घेतला.
मला आल्याचाच येत होता.
टेंभी नाक्यावरून ढोल, देवी निघालेली,
आमचा दहावा चंद्र आणि त्यांची दशमी
यंदा एकाच आभाळात.
शेवटच्या प्रार्थनेला पेटी उघडतात
आणि सगळे उभे राहतात,
स्वर्गाची दारं लागायच्या आत
जे मागायचं ते मागायला.
मागे बेनाजी पेझारकर हुंदके देत होता.
मी काहीच मागितलं नाही.
एका बंद दाराच्या आत उभा राहून आलेला माणूस
दारं उघडी ठेवा, हे कोणत्या तोंडानं म्हणणार.

शोफार वाजला. लांब, थोडा फाटका.
बाहेर आपट्याच्या पानांचा चुरा, चिखल, फुगेवाला.

आज शिळा सण. लोकांकडे जायचं, लोकांनी यायचं.
करंज्या ताटात, वर वर्तमानपत्र.
दार सताड उघडं टाकून बसलोय,
मुलगी म्हणते, बाबा, मांजर येईल.
लिफ्ट वर येते, तिसऱ्यावर थांबते,
पुन्हा खाली जाते.
चेंदणीपासून इथवर, त्याच्या चालीनं,
वीसेक मिनिटं.
त्याचेही गुडघे दुखत असतील.